चित्रं सुंदर, पण गोष्ट कळेना: ‘प्रिटी डेडली’ वाचकांना का अडवते

‘प्रिटी डेडली’ या चित्रकादंबरी-मालिकेबद्दल वाचक बोलू लागले की एक तक्रार हमखास येते. चित्रं अप्रतिम आहेत, पण नक्की काय चाललंय ते कळलं नाही. काही जण इथेच पुस्तक मिटून ठेवतात. काही जण मात्र शेवटचं पान संपलं की पुन्हा पहिलं पान उघडतात, आणि त्यानंतर ही मालिका त्यांच्या मनातून जात नाही. दोघांनी वाचलंय एकच पुस्तक. मग मतं इतकी दोन टोकांना का? याचं उत्तर शोधायला गेलं तर चित्रकथा वाचताना आपलं डोकं काय काय काम करत असतं, तेही उलगडत जातं.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतल्या इमेज कॉमिक्स या प्रकाशनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये ही मालिका सुरू केली. लेखन केली सू डिकॉनिक यांचं, चित्रं एमा रीओस यांची, रंग जॉर्डी बेलेअर यांचे आणि अक्षरं क्लेटन काउल्स यांची. रीओस स्पेनमधल्या गालिसियाच्या, आणि पूर्णवेळ कॉमिक्सकडे वळण्याआधी आर्किटेक्ट होत्या. पहिल्या पाच अंकांचा मिळून पहिला खंड झाला, ‘द श्राइक’. पुढचे दोन खंड म्हणजे ‘द बेअर’ आणि ‘द रॅट’. पहिल्या खंडाचा बाज वेस्टर्नचा आहे: घोडे, पिस्तुलं, धूळ, एकाकी घरं, जुनं वैर. फरक एवढाच की इथे सूड घ्यायला येते ती साक्षात मृत्यूची मुलगी, आणि गोष्ट सांगतो तो एक मेलेला ससा.

कथानक आधी कळायला नको असेल त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा. माझं मत मात्र असं की या पुस्तकाच्या बाबतीत गोष्ट आधी कळल्याने नुकसान होत नाही, झालाच तर फायदा होतो. कसा, ते पुढे येईलच.

सरळ क्रमाने सांगायचं तर गोष्ट अशी. एक गवंडी होता. त्याची बायको इतकी देखणी की तिचं नावच ब्यूटी. लोकांच्या नजरा तिच्यावर पडतात हे त्याला सहन होईना, म्हणून त्याने एक मनोरा बांधला आणि तिला आत कोंडलं. कोंडलेल्या ब्यूटीने मृत्यूला हाक मारली. मृत्यू आला, पण तिला न्यायच्या ऐवजी तिच्या प्रेमातच पडला. त्यांना मुलगी झाली, जिनी. ब्यूटी गेली आणि मुलगी बापाकडे वाढली. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने तिचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालावं, की जिनी घोड्यावर बसून येणार, अशी तिची ख्याती झाली. बऱ्याच वर्षांनी फॉक्स नावाचा एक आंधळा म्हातारा आणि सिसी नावाची मुलगी गावोगाव फिरून जिनीचं गाणं गात पोट भरतात. हा फॉक्स म्हणजेच तो गवंडी. जिनी त्याच्या मागावर आहे, आणि अॅलिस नावाची एक धिप्पाड बाई सिसीच्या मागावर. सिसीचा जन्मही साधा नाही. शेवटी मृत्यूची जागा तीच घेते.

एवढी गोष्ट एका परिच्छेदात बसली. आता पुस्तकात ती कुठल्या क्रमाने येते ते पाहू. पहिल्याच पानांत एक लहान मुलगी सशाला गोळी घालते. ती कोण, तिच्या हातात पिस्तूल कसं, काही सांगितलेलं नाही. मग त्याच सशाचा सांगाडा एका फुलपाखराला गोष्ट सांगायला बसतो. तिथून एकदम गावातला चौक, फॉक्स आणि सिसी, भोवती जमलेली माणसं. फॉक्सची खरी ओळख आपल्याला बरीच उशिरा होते. सिसी एका माणसाकडून एक कागद लांबवते, त्या कागदाचं एवढं महत्त्व का तेही लगेच कळत नाही. नवीन माणूस आला की त्याची ओळख करून द्यायची, ही लेखकाची साधी रीत इथे पाळलेलीच नाही. वाचक गोंधळतो तो त्याला समज कमी आहे म्हणून नव्हे. त्याला जी माहिती लागते ती मुद्दाम मागे ठेवलेली आहे.

मुद्दाम का, हे त्या चौकातल्या प्रसंगात दिसतं, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. सिसीच्या अंगावर गिधाडाच्या पिसांचा झगा आहे. तिचा एक डोळा निळा, दुसरा तपकिरी. मागे कापडावर जिनीच्या जन्माची चित्रं रंगवलेली आहेत, आणि दोघं ती चित्रं दाखवत यमकांत गोष्ट सांगतात. युरोपात ही जुनी कला आहे. स्पेनमध्ये तर आंधळे गायक असा रंगवलेला पडदा घेऊन बाजाराच्या दिवशी खुनाच्या, सुडाच्या, चमत्काराच्या कथा गात आणि सोबत एखादं पोर असे. फॉक्स आंधळा आणि बरोबर एक मुलगी, ही जोडी त्या परंपरेतून थेट चालत आल्यासारखी वाटते.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने हीच कला चित्रकथी म्हणून जपली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पिंगुळीच्या पोथीत चित्रं सुटी असतात. सांगणारा एक चित्र उभं धरतो, तो प्रसंग गातो, बोलतो, मग पुढचं चित्र घेतो. दोन चित्रांच्या मधे काय घडलं हे चित्रात नसतं. पण समोर बसलेल्याला ते अडत नाही, कारण सीताहरण कसं झालं हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तो गोष्ट कळावी म्हणून आलेलाच नसतो. यावेळी ती कशी सांगितली जाते ते बघायला आलेला असतो.

‘प्रिटी डेडली’ची खरी मेख मला इथे दिसते. हे पुस्तक सगळ्यांना माहीत असलेली दंतकथा सांगावी त्या आवाजात बोलतं. चौकातल्या गावकऱ्यांना जिनीचं गाणं तोंडपाठ असणार. ससा आणि फुलपाखरू यांनाही ते नवं नाही. नवखे फक्त आपण. ज्या गोष्टीच्या आठवणीवर सगळं रचलेलं आहे ती आठवणच आपल्याजवळ नाही, आणि पुस्तक ती आयती हातात देत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र आपणही त्या चौकातले होतो. फॉक्स कोण हे माहीत असतं, आणि मग आपल्याच पापाची कथा तो गावोगाव, स्वतःच्या तोंडाने, पैशांसाठी गातोय हे लक्षात येऊन अंगावर काटा येतो. पहिल्या वाचनात त्याच प्रसंगात फक्त एक म्हातारा गाताना दिसतो.

आता चित्रांकडे. चित्रं सुंदर पण गोष्ट कळेना, या तक्रारीत एक गृहीत आहे, की चित्रं वेगळी आणि गोष्ट वेगळी. इथे तसं नाही. गोष्टीचा बराच भाग शब्दांत नाहीच, चित्रांच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी वाचायची सवय आपल्यापैकी अनेकांना नाही.

१९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही येत. वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, त्या चौकटी वाचून मोठी झालेली पिढी आपल्याकडे आहे. त्या कथांत एकामागून एक चौकट येई, वरच्या पट्टीत काय चाललंय ते लिहिलेलं असे, उरलेलं वेताळ स्वतः बोलून दाखवी. चित्र नुसतं नजरेखालून घातलं तरी गोष्ट हाती लागे. ती उत्तमच होती, फक्त तिची रीत वेगळी.

चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये एक साधं उदाहरण दिलं आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस आणि समोर घाबरलेला दुसरा. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. खून कुणी दाखवलाच नाही. तो दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत झाला, आणि केला वाचकाने, आपल्या मनात. चित्रकथेचं सगळं यंत्र या पट्टीवर चालतं. पट्टीतली उडी छोटी असेल, म्हणजे हात उचलला, हात खाली आला, तर वाचन सोपं. उडी मोठी असेल, जागा बदलली, काळ बदलला, कुणाच्या नजरेतून बघतोय तेही बदललं, तर सांधा वाचकानेच जुळवायचा. मॅक्लाउड आणखी एका प्रकारच्या उडीबद्दल सांगतात, जिच्यात काळ पुढे जातच नाही. एकाच क्षणाचे तुकडे आपण वेगवेगळ्या बाजूंनी पाहतो: खिडकी, चहाचा कप, भिंतीवरची सावली. जपानी कॉमिक्समध्ये, म्हणजे मांगात, ही उडी भरपूर, अमेरिकी कॉमिक्समध्ये एरवी फार कमी.

रीओस यांची पानं या दोन्ही अवघड उड्यांनी भरलेली आहेत. जिनी आणि अॅलिसची झुंज बघा. मोठ्या चित्रावर छोट्या छोट्या चौकटी पेरलेल्या असतात. एकीत पात्याची धार, एकीत बोटांची पकड, एकीत नुसता डोळा. या चौकटी कुठल्या क्रमाने वाचायच्या? बऱ्याचदा क्रम नसतोच. मोठ्या चित्रातला क्षण आणि छोट्या चौकटींतले क्षण एकाच वेळचे असतात. डावीकडून उजवीकडे ओळीने जाणारा वाचक तिथे अडखळतो, हा हात कुणाचा, वार कुणी केला हे त्याला कळत नाही, आणि झुंज समजली नाही अशी त्याची तक्रार होते. ती खोटी नाही. काही पानांवर मलाही वाटतं की दोघींपैकी कोण कुठे उभी आहे हे आणखी एका चौकटीने स्पष्ट झालं असतं तर काही हरवलं नसतं. पण जिथे ही मांडणी जमते तिथे ती विलक्षण जमते. अॅलिस हरते तेव्हा ती कोसळत नाही, तिची फुलपाखरं होऊन उडून जातात. पानभर पसरलेलं ते उडणं कुठल्याही ओळीत वाचता येत नाही. ते एकदम डोळ्यांत येतं, आणि गोष्ट ऐकत बसलेलं ते फुलपाखरू आपल्याला आपसूक आठवतं.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचे वेस्टर्न सिनेमे ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली एक लकब ओळखीची वाटेल. अफाट माळरान, आणि पाठोपाठ पडदाभर नुसते डोळे. त्या सिनेमांचं बरंच चित्रण स्पेनमधल्या आल्मेरियाच्या वाळवंटात झालं होतं. सिनेमात ती दोन दृश्यं एकापाठोपाठ येतात. रीओस ती एकाच पानावर, एकाच वेळी ठेवतात. माळरान हे पान आणि डोळे ही त्यावरची छोटी चौकट.

रंगांची मदत मात्र बहुतेक वाचक पहिल्या खेपेला घेत नाहीत. बेलेअर यांना २०१४ चा रंगकामाचा आयझनर, हा कॉमिक्सच्या जगातला मानाचा पुरस्कार, मिळाला, आणि ज्या कामांसाठी मिळाला त्यांत ही मालिका होती. पान उलटल्यावर संवादाचे फुगे वाचायला घाई न करता आधी रंग बदलला का एवढं पाहिलं तरी कुठली जागा आणि कुठला प्रहर याचा बराच अंदाज येतो.

वाचकांची मतं ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा चित्रांशी किंवा लेखनाशी संबंध नाही. ती म्हणजे वाट पाहणं. अमेरिकेत अशी मालिका आधी महिन्याच्या महिन्याला पातळ अंकांतून येते. पहिला अंक ऑक्टोबर २०१३ मध्ये आला, पाचवा एप्रिल २०१४ मध्ये. म्हणजे फॉक्स कोण हे कळायला ज्याने अंक येतील तसे वाचले त्याला महिनोन्‌महिने थांबावं लागलं. पहिल्या अंकातली सशाची गोळी शेवटच्या अंकापर्यंत कुणाच्या लक्षात राहणार? तोच मजकूर खंड हातात घेऊन एका संध्याकाळी वाचणाऱ्याला दुवे सहज लागतात. पुढचा, सहावा अंक आला नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणि तिसरा खंड सुरू झाला सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणून एखाद्याचं मत ऐकताना त्याने सुटे अंक वाचले की खंड, हे विचारून घ्यावं. निम्मा वाद तिथेच मिटतो.

अपेक्षांचं ओझंही होतं. डिकॉनिक यांनी २०१२ पासून मार्व्हल या मोठ्या प्रकाशनासाठी ‘कॅप्टन मार्व्हल’ ही सुपरहिरो-मालिका लिहायला घेतली होती आणि तिच्या चाहत्यांचा मोठा, प्रेमळ मेळा त्यांच्याभोवती जमला होता. त्यातले अनेक जण नव्या मालिकेकडे आले. तिकडे मोकळी, हसतीखेळती, सरळ रेषेत धावणारी गोष्ट होती. इकडे मृत्यू, कोंडलेली बाई आणि कोड्यात बोलणारा ससा. शिवाय मुखपृष्ठावर चेहऱ्यावर कवटीच्या खुणा असलेली जिनी. ती बघून पुस्तक उचललेल्या वाचकाला वाटतं, आता ही पानोपानी दिसणार. प्रत्यक्षात ती पहिल्या अंकात शेवटी शेवटी येते, आणि खंडाचा खरा प्रवास सिसीचा आहे. जिनीचं मन कळलं नाही, तिच्याशी जवळीक झाली नाही, असं म्हणणाऱ्या वाचकांच्या बाजूने मी आहे. दंतकथेतली पात्रं लांबूनच दिसतात हे खरं, पण जिनीच्या वाट्याला चार शांत पानं आली असती तर तिचं दुःख नुसतं ऐकीव राहिलं नसतं.

याच्या उलट, ज्यांना ही मालिका जिवाभावाची वाटली त्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्याचं कारण समजायला जड नाही. वेस्टर्नमध्ये बाईचं काम ठरलेलं असे. तिच्यावर अन्याय व्हायचा आणि पुरुषाने त्याचा बदला घ्यायचा. इथेही सुरुवात तशीच होते, बाई कोंडली जाते. पण सूड तिची मुलगी घेते, तिच्याशी झुंजणारी अॅलिस बाई, पळणाऱ्या फॉक्स आणि सिसीला दार उघडणारी साराही बाई, आणि शेवटी सगळ्या मरणाऱ्यांचा भार खांद्यावर घेते ती एक पोर. ब्यूटीला कोंडणारा माणूस राक्षसी दाखवलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो तिच्यावर प्रेमच करत होता, आणि तेवढ्याने त्याचा गुन्हा माफ होत नाही.

सारा ही कृष्णवर्णीय बाई, माळावरच्या घरात मुलाबाळांसह राहणारी. पहिल्या खंडात ती बाजूचं पात्र वाटते, पण पुढची मालिका तिच्याच घराण्याची होते. दुसऱ्या खंडात सारा मृत्युशय्येवर आहे आणि तिचा मुलगा सायरस पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात. तिसरा खंड १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये घडतो. पहिल्या खंडाने हात टेकायला लावलेल्या अनेकांना दुसरा खंड लगेच भिडतो. गुंतागुंत तिथेही आहे, खंदकात युद्धाचाच एक काळदूत वावरतो. पण आई मरायच्या आधी मुलगा घरी पोचेल का, हा प्रश्न पहिल्या काही पानांतच हाती येतो, आणि तो हाती असला की बाकीचं धुकं वाचक आनंदाने सहन करतो. पहिल्या खंडात असा धरून ठेवायला प्रश्नच लवकर मिळत नाही. तिथे लेखिकेने हात थोडा जास्तच आखडता घेतला, असं मला ठामपणे वाटतं.

वाचायचं ठरवलंत तर खंडच घ्या, आणि शक्यतो छापील. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, ती सरळ चौकटींच्या कॉमिक्सना ठीक आहे. इथे तिने पानाची मोडतोड होते. छोटी चौकट ज्या मोठ्या चित्रावर बसवलेली आहे ते चित्रच नजरेआड जातं, आणि दोन क्षण एकाच वेळचे होते हे कळायला मार्ग राहत नाही. टॅबलेटवर वाचत असाल तर ती सोय बंद करून पूर्ण पान समोर ठेवा. चौकातलं गाणं घाईने ओलांडू नका, पुढे जे जे घडतं त्याचं मूळ त्यात आहे. मध्येच धागा सुटला तर मागे न जाता वाचत राहा, पाच अंक संपवा, आणि मग लगेच, दुसरं काही हातात घ्यायच्या आधी, पहिला अंक पुन्हा वाचा. तेवढं करूनही मन लागलं नाही तर दुसरा खंड उघडून बघा. साराचं घर आणि सायरसचा खंदक कळायला पहिल्या खंडातलं फार थोडं लागतं, आणि जे लागतं ते वर सांगून झालंच आहे.